दहा अंशांच्या उन्हात चालणारी बाई

शॉट पाच सेकंदांचा आहे. मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली बाई गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्याकडून गावात येणाऱ्या तांबड्या वाटेने लगबगीने चालते आहे. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे ठेंगण्या दगडी भिंती, पाठीमागे उतरतं ऊन. काम ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सगळ्या मिळून १२०. अशा कामात चाल एकाने करायची, ती पूर्ण झाली की लाइटिंग दुसऱ्याने, असा रिवाज आहे. या शॉटपुरता तो आम्ही बाजूला ठेवला आणि पहिल्या पोझपासून सूर्य लावूनच काम केलं.

कारण साध्या त्रिकोणमितीत आहे. ऊन क्षितिजापासून १० अंशांवर असेल तर सपाट जमिनीवर पडणारी सावली वस्तूच्या उंचीच्या ५.६७ पट लांब होते. पाऊल जमिनीपासून २ सेंटिमीटर वर राहिलं तर डोक्यावरच्या उन्हात ते कुणाला कळतही नाही. इथे मात्र चप्पल आणि तिची सावली यांच्यात ११ सेंटिमीटरची फट पडते. करड्या व्ह्यूपोर्टमध्ये, म्हणजे काम करायच्या खिडकीत, ठीक वाटलेली चाल तिरप्या उन्हात हवेत तरंगायला लागते ती यामुळे. मग दोष लाइटिंगवाल्यावर जातो आणि तो बिचारा सावली मऊ करून चूक झाकतो.

ऊन आधी जागेवर मोजून घ्यावं. एक मीटरची काठी सपाट जागी उभी रोवायची. तिची सावली ५.६७ मीटरवर पोचली की ऊन १० अंशांवर आलं. आपल्याकडे ही वेळ सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची. पण उंचीइतकीच दिशाही महत्त्वाची. गोव्यात डिसेंबरात सूर्य पश्चिमेपासून सुमारे २४ अंश दक्षिणेकडे सरकून मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. आमची वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी, रुंदी साडेतीन मीटर, गडगे १.२ मीटर उंच. डिसेंबरातलं १० अंशांचं ऊन वाटेशी २८ अंशांचा कोन करतं, त्यामुळे दक्षिणेकडच्या गडग्याची सावली वाटेवर ३.२ मीटर आत येते. चालायला ऊन उरतच नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य जवळजवळ वाटेच्या रेषेत येतो, सावली सरळ पुढे पडते आणि चित्र सपाट होतं. फेब्रुवारीच्या मध्याला कोन १६ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा दक्षिणेकडचे १.९ मीटर सावलीत आणि उत्तरेकडची दीड-पावणेदोन मीटरची पट्टी उन्हात. बाईची जागा त्या पट्टीत ठरली.

ब्लेंडरमध्ये हे सगळं सन पोझिशन या एक्स्टेन्शनने जुळवता येतं: अक्षांश १५.७, रेखांश ७३.७, वेळेचा फरक ५.५. इथे हमखास घोटाळा होतो तो उत्तर दिशेचा. सेटची वाट आपण सोयीने एक्स अक्षावर आखलेली असते, गाव कुठल्याही टोकाला; ब्लेंडर मात्र वाय अक्षाला उत्तर आणि एक्सला पूर्व धरतं. ते तपासलं नाही आणि गाव उणे एक्सकडे गेलेलं असलं तर सूर्य डोंगराकडे मावळतो.

चालीचं माप रेकॉर्डिंगवरून घेतलं. मोबाइल बहुधा ३० फ्रेमने रेकॉर्ड करतो, आणि बऱ्याच मोबाइलवर तो वेग एकसारखा नसतो. म्हणून फाइल आधी ठरावीक वेगात बदलून घ्यावी, नाहीतर मोजलेली पावलं खोटी निघतात. ओझं घेऊन घाईत चालताना एक पाऊल ३० च्या हिशोबात १२-१३ फ्रेमचं आलं. २४ च्या हिशोबात ते १०. रिकाम्या हातांनी चालणाऱ्याचं पाऊल साधारण १२ फ्रेमचं धरतात. डोक्यावर ओझं असलं की पाऊल लांबीने आखूड आणि वेळेने भरभर पडतं. आम्ही पाऊल ४८ सेंटिमीटरचं धरलं. म्हणजे एका फ्रेमला ४.८ सेंटिमीटर, सेकंदाला १.१५ मीटर, आणि पाच सेकंदांत १२ पावलांत ५.७६ मीटर. हे आकडे कागदावर लिहून समोर चिकटवावेत, पुढचं सगळं त्यांवरच चालतं.

पोझ नेहमीच्याच, दोन पावलांचं २० फ्रेमचं एक चक्र. फ्रेम १ ला उजवी टाच टेकते, ३ ला शरीर खाली बसतं, ६ ला डावा पाय उजव्याला ओलांडतो, ८ ला शरीर वर उचललं जातं, ११ ला डावी टाच टेकते. तिथून उरलेलं अर्धं चक्र उलट पेस्ट करायचं, आणि फ्रेम २१ ही फ्रेम १ ची नक्कल. प्लेबॅक मात्र १ ते २० ठेवायचा. २१ पर्यंत ठेवला तर एकच पोझ दोनदा दिसते आणि प्रत्येक फेरीला चाल अडखळते. उलट पेस्ट व्हायला बोनच्या, म्हणजे पात्राच्या आतल्या सांगाड्याच्या हाडांच्या, नावांना डाव्या-उजव्याची खूण हवी. पाटी धरलेला हात मात्र उलट पेस्टमधून वगळावा, नाहीतर दर दहा फ्रेमला पाटी दुसऱ्या हातात जाते.

प्रत्यक्ष माणसाचं शरीर सगळ्यात खाली असतं ते दोन्ही पाय टेकलेले असताना, आणि सगळ्यात वर असतं एका पायावर उभं असताना. अ‍ॅनिमेशनमध्ये हे दोन्ही क्षण दोनेक फ्रेम उशिरा आणतात, त्याने वजन जाणवतं. ओझ्याच्या चालीत ही युक्ती बेताने वापरावी. मोकळ्या चालीत कंबर चार-पाच सेंटिमीटर वरखाली होते. डोक्यावर पाटी असलेली बाई ती हालचाल गुडघ्यांतच जिरवते, म्हणून आम्ही कंबरेला ३ सेंटिमीटर दिले आणि मानेच्या कंट्रोलला, म्हणजे हाड हलवायच्या खुंटीला, उलट की (ठरावीक फ्रेमला नोंदलेली स्थिती) देऊन पाटीपर्यंत दीडच पोचू दिले. पाटी, खालची चुंबळ आणि डोकं यांना वेगवेगळी हालचाल द्यायचा मोह होतो; देऊ नये. चुंबळ डोक्याच्या बोनला बांधलेली, पाटी चुंबळीला. पाटी मागेपुढे अंशभर कलली तरी चालते, उभ्या अक्षाभोवती फिरली की खोटी दिसते. म्हणून खांद्यांचं उलट वळण २-३ अंशांतच थांबवलं. कंबर मात्र मोकळी सोडली: पुढच्या पायाबरोबर ५ अंश वळण, उचललेल्या पायाच्या बाजूला ५ अंश उतार, टेकलेल्या पायाकडे २ सेंटिमीटर झोक.

हा झोक या शॉटमध्ये फार बोलका ठरला. बाई उत्तरेच्या गडग्यापासून ८० सेंटिमीटरवरून चालते. तिची पावलापासून गुडघ्यापर्यंतची सावली वाटेवर पडते आणि त्यावरची गडग्यावर चढते. गडग्याशी ऊन १६ अंशांचा कोन करतं, त्यामुळे अंगाचा आडवा झोक गडग्यावर साडेतीन पट होऊन मागेपुढे सरकताना दिसतो. दोन सेंटिमीटरच्या झोकाला सावली सात सेंटिमीटर पुढे पळते आणि परत रेंगाळते. झोकाचा कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार हालचालीचा आलेख, गोलसर असेल तर हे सुंदर दिसतं. त्यात एखादा कोपरा राहिला असेल तर बाई सुरळीत चालते आणि सावली गचके खाते. ग्राफ एडिटरमध्ये झोकाच्या कर्व्हवर अख्ख्या चक्रात दोनच की ठेवाव्यात, उजव्या पायाची एक आणि डाव्याची एक. बाकी की काढून टाकाव्यात.

आता पाय घसरणं. बहुतेक चाली इथेच कॅरमच्या सोंगट्यांसारख्या सरकतात. टेकलेलं पाऊल जागच्या जागी चालणाऱ्या चक्रात दर फ्रेमला बरोबर ४.८ सेंटिमीटर मागे जायला हवं, आणि सगळं पात्र हलवणारा रूट कंट्रोल तेवढाच पुढे. दोन्ही कर्व्ह सरळ रेषेत हवेत. ब्लेंडर नवीन कीला आपोआप बेझियर, म्हणजे वळणदार कर्व्ह, देतं. तो तसाच ठेवला तर पाऊल टेकताना हळू आणि मध्यावर वेगाने सरकतं. पण कर्व्ह सरळ करूनही घसरण उरते, आणि त्याचं कारण पटकन सापडत नाही. पाऊल टाचेवर टेकून सपाट होतं तेव्हा फिरण्याचा बिंदू टाच असायला हवा. आपण आयके कंट्रोल (जिथे ठेवू तिथे पाय आपोआप वाकवून पोचवणारा) फिरवला तर ते घोट्याभोवती फिरतं, आणि घोटा सरळ रेषेत गेला तरी टाच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर घसटते. रिगिफाय या ब्लेंडरच्या तयार सांगाड्यात टाचेचा वेगळा रोल कंट्रोल असतो. टेकताना २० अंश वर, सपाट होताना शून्य आणि उचलताना चवड्यावरचं वळण, हे सगळं त्याच्यावर करावं. तपासायला टाचेच्या बोनचा मोशन पाथ, म्हणजे फ्रेमगणिक ठिपक्यांचा माग, काढायचा. टेकलेल्या फ्रेमचे सगळे ठिपके एकावर एक आले पाहिजेत. ठिपक्यांची छोटी माळ दिसली तर काम बाकी आहे.

आणि टेकलेलं पाऊल ११ व्या फ्रेमलाच उचलू नये. दुसरी टाच टेकल्यावरही दोन फ्रेम मागचा चवडा जमिनीवर राहतो. एवढ्यानेच चाल आणि धाव यांतला फरक डोळ्याला कळतो.

गुडघा झटकणं हा दुसरा नेहमीचा आजार. अप पोझमध्ये, म्हणजे शरीर वर असताना, कंबर पायाच्या लांबीपेक्षा वर गेली की पाय एकदम काठीसारखा ताठ होतो आणि पुढच्या फ्रेमला खटकन वाकतो. रिगिफायमध्ये आयके स्ट्रेच चालू असेल तर झटका बसत नाही, उलट पोटरी रबरासारखी लांबते. नवशिक्याला ते बरं वाटतं, पण सावलीत पोटरीची लांबी बदलताना सहज दिसते. स्ट्रेच शून्य करावं, सगळ्या चक्रात कंबर एक सेंटिमीटर खाली घ्यावी आणि गुडघा कधीच पूर्ण सरळ होऊ देऊ नये. ओझं घेतलेल्या बाईचा तो होतही नाही.

रबरी चपलेला एक वेगळा बोन द्यावा, चवड्याला बांधलेला. टाच उचलली की चपलेची मागची बाजू १०-१५ अंश खाली लोंबते आणि दोन फ्रेमनंतर टाचेला येऊन लागते. साडीत पाय जवळजवळ दिसतच नाहीत. चाल वाचायला प्रेक्षकाकडे असतात त्या टाचा, घोळ आणि कंबर. त्यामुळे चपलेवर घालवलेला वेळ वाया जात नाही.

साडीचं क्लॉथ सिम्युलेशन (कापडाची हालचाल संगणकाकडून काढून घेणं) चक्रावर करू नये. पहिल्या आणि एकविसाव्या फ्रेमला कापड एकाच जागी येत नाही आणि जोडावर ते उडी मारतं. आधी चक्र पूर्ण शॉटभर पसरायचं, म्हणजे चक्र पुन्हा पुन्हा फिरवणारा सायकल्स मॉडिफायर लावायचा आणि रूटला रिपीट विथ ऑफसेट, जेणेकरून तो दर फेरीला पुढेच जातो. मग १२० फ्रेमच्या आधी ३० फ्रेमची धावपट्टी ठेवायची, जिच्यात शरीर उभ्या पोझमधून चालीत येतं. क्वालिटी स्टेप्स (एका फ्रेममध्ये कापडाचा हिशोब किती वेळा होतो) १० च्या खाली ठेवल्या तर भरभर पडणाऱ्या पावलांत गुडघा निऱ्यांतून बाहेर येतो.

जमिनीचीही एक मेख आहे. तांबड्या वाटेला खडबडीतपणा यावा म्हणून डिस्प्लेसमेंट (पृष्ठभाग वरखाली उचलणं) लावलेलं असतं, आणि सबडिव्हिजन, म्हणजे पृष्ठभागाचे बारीक तुकडे करणं, व्ह्यूपोर्टमध्ये १ व रेंडरला (अंतिम चित्र काढताना) ३ अशी सवय असते. त्यामुळे रेंडरमध्ये जमीन वेगळीच उठते. व्ह्यूपोर्टमध्ये नीट टेकलेलं पाऊल रेंडरमध्ये रुतलेलं किंवा अधांतरी निघतं. बाई चालते त्या पट्ट्याला दोन्हीकडे सारखी पातळी द्यावी, किंवा तेवढ्या तुकड्यावर मॉडिफायर लावूनच टाकावा.

लाइटिंगची सुरुवात एका सूर्याने आणि काळ्या आकाशाने केली. त्याच्या बिंबाचा कोन ०.५२६ अंश, आकाशातल्या खऱ्या सूर्याएवढा. सावली कडक वाटते म्हणून लोक हा आकडा ५-१० अंशांवर नेतात आणि मग पावलाजवळची सावलीही विरते. खऱ्या उन्हात मऊपणा अंतरावर ठरतो. चपलेची कड जमिनीपासून दोन बोटं वर, तिची सावली धारदार. आठ मीटरवरच्या माडाच्या झावळीपासून निघालेला किरण १० अंशांच्या उन्हात ४६ मीटर चालून जमिनीवर येतो, आणि एवढ्या अंतरात सावलीची कड ४० सेंटिमीटर पसरते. त्याच झावळीची दुपारची सावली जेमतेम ७ सेंटिमीटरने विरते. म्हणून संध्याकाळच्या वाटेवर झावळ्यांच्या रेघा दिसत नाहीत, नुसते उजेडाचे पट्टे दिसतात. झावळ्यांचा आकार कापलेला प्लेन (सपाट पत्रा) कॅमेऱ्याला अदृश्य करून सूर्यासमोर धरायचा असेल तर तो खऱ्या अंतरावरच ठेवावा. सोयीसाठी पात्राच्या डोक्यावर आणला की दुपारच्या सावल्या आणि संध्याकाळचा रंग अशी विसंगती होते, आणि चित्र कुठे बिनसलंय हे सांगता येत नाही.

या पट्ट्यांचं चालीशीही गणित आहे. बाई फ्रेमला ४.८ सेंटिमीटर जाते. उजेडाचा पट्टा २० सेंटिमीटरचा असेल तर पाटीवर तो चार फ्रेम टिकतो आणि डोळ्याला ते लुकलुकणं वाटतं. ४० च्या वरचे पट्टे ठेवावेत, म्हणजे आठ-नऊ फ्रेम मिळतात.

नंतर आकाश. स्काय टेक्श्चरमध्ये सन एलेव्हेशन १० अंश द्यायचं आणि सन डिस्क बंद करायची. ती चालू राहिली तर दोन सूर्य होतात आणि प्रत्येक पावलाला दोन सावल्या. सूर्याचा रंग तापमानावरून रंग देणाऱ्या ब्लॅकबॉडीने ३२०० केल्व्हिनच्या आसपास ठेवला. आकाश आपोआप निळं येतं, त्याला हात लावायची गरज नाही.

तिरप्या उन्हात सपाट जमिनीला उजेड फार कमी मिळतो, सरळ पडणाऱ्या उन्हाच्या जेमतेम १७ टक्के. पश्चिमेकडे तोंड केलेल्या उभ्या भिंतीला जवळजवळ सगळा मिळतो. हे लक्षात न घेता वाट केशरी होईपर्यंत सूर्याची ताकद वाढवली तर पाटीची कड, पोटरी आणि पदर जळून पांढरे होतात. वाट मंदच राहू द्यावी. पावसानंतर महिनोन् महिने धूळ खाल्लेली तांबडी वाट त्या वेळी मंदच दिसते. चमकायचं ते गडग्याच्या टोकांनी, माडांच्या खोडांनी आणि बाईच्या पाठीने.

मग चेहऱ्याचं काय? ऊन पाठीमागे, वरून येणारं आकाश पाटीने अडवलेलं, आणि जमिनीवरून परतणारा उजेड क्षीण. इथे बहुतेक जण कॅमेऱ्याजवळ एक एरिया लाइट ठेवून मोकळे होतात आणि बाई स्टुडिओत उभी असल्यासारखी दिसते. आम्ही वाटेच्या टोकाला, फ्रेमबाहेर, चुन्याने रंगवलेल्या घराची पश्चिमेची भिंत उभी केली. तिच्यावर सरळ ऊन पडतं आणि तोच उबदार उजेड चेहऱ्यावर परत येतो. भिंतीचा बेस कलर (ती किती उजेड परत टाकते) ०.८ च्या वर नेऊ नये, आणि डिफ्यूज बाउन्स (परतणाऱ्या उजेडाच्या उड्या) किमान चार हवेत. भिंत पुरेशी मोठी नसेल तर बाई जवळ येईल तसा चेहरा झपाट्याने उजळतो. सहा-सात मीटर रुंद ठेवली की हा बदल सुसह्य होतो. कलर मॅनेजमेंटमध्ये एजीएक्स हे रंगरूपांतर ठेवलं, कारण केशरी उन्हात उजळ भाग तो पिवळाधमक होऊ देत नाही.

पावसाळी रूपासाठी हीच चाल वापरता येते, पण परीक्षा बदलते. ढगाळ आकाशात सावली नसतेच, पावलाखालचा थोडासा अंधार तेवढा राहतो. ओल्या वाटेवर रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) ०.१५ च्या आसपास आणला की प्रतिबिंब पडतं, आणि अधांतरी पाऊल आपल्या प्रतिबिंबापासून सुटलेलं दिसतं. तांबड्या मातीची रफनेस सगळीकडे सारखी कमी केली तर वाट प्लास्टिकची होते. पाणी खळग्यांत साचतं, उंचवटे ओलसर पण खरखरीत राहतात.

मोशन ब्लर, म्हणजे हलत्या गोष्टींचा पुसटपणा, ०.५ शटरवर (अर्ध्या फ्रेमइतकं उघडं), आणि त्याचा एक फुकटचा फायदा: टेकलेलं पाऊल स्पष्ट आणि उचललेलं पुसट दिसायला हवं. टेकलेलं पाऊलही किंचित पुसट आलं तर ते अजून घसरतंय. शटर फ्रेमच्या दोन्ही बाजूंना उघडतं, म्हणून पहिल्या फ्रेमचा ब्लर ०.७५ पासून मोजला जातो. सायकल्स मॉडिफायरला आधीच्या बाजूनेही पुनरावृत्ती हवी आणि रूटचा कर्व्ह मागेही सरळ पसरलेला हवा. नाहीतर पहिली फ्रेम अर्धीच पुसट येते.

रेंडर नेहमी एकेका चित्राच्या मालिकेत घ्यावं, थेट व्हिडिओ फाइलमध्ये नाही. जूननंतर इकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मालिकेत काढलं तर ७३ व्या फ्रेमनंतर गेलेली वीज परत आल्यावर ७४ पासून सुरू करता येतं. ओव्हरराइट बंद ठेवावं, आणि शेवटची अर्धवट फाइल आधी काढून टाकावी. फ्रेमला तीन मिनिटं धरली तर १२० फ्रेमना सहा तास. डीनॉइझरवर (चित्रातले कण पुसणाऱ्या साधनावर) भिस्त ठेवून सॅम्पल (दर ठिपक्यामागे घेतलेले उजेडाचे नमुने) फार कमी केले तर गडग्याच्या सावलीतल्या भागात फ्रेमगणिक डाग हलतात. एकटी फ्रेम पाहून हे कळत नाही. म्हणून पूर्ण रेंडर लावण्याआधी सलग १२ फ्रेम पूर्ण दर्जात काढून त्याच पुन्हा पुन्हा फिरवून पाहाव्यात: पाच वेळा फक्त गडग्याकडे बघत, पाच वेळा फक्त टाचांकडे.